अर्चनाच्या वहीतली चूक

हे मी आजवर कुणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही — आणि आमच्या घरात दुधाला विरजण किती लावायचं हेही चार माणसांना विचारून ठरतं, म्हणजे बघा. बारा वर्षं झाली. मध्ये दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं होतं, गिळून टाकलं. आज तुमच्याशी बोलतेय ते एवढ्यासाठी की तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर बोलले नसते. माझ्यात तेवढी धमक नाही, हे पुढे कळेलच.

गोष्ट एका संख्येची आहे. हसू नका. लोकांच्या पोटात काय काय दडलेलं असतं — कुणाचं बांधाचं भांडण, कुणाचं लग्नाआधीचं काही. माझ्या पोटात एक आठ अंकी संख्या आहे. ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. बारा वर्षांत ती मी कागदावर लिहिलेली नाही. आत्ता लिहिली, तर एकही अंक आठवावा लागला नाही.

मी गणिताची शिक्षिका आहे. आठवी ते दहावी, गेली बावीस वर्षं तेच धडे, तीच उदाहरणं. पुस्तकं बदलली तरी पाण्याची टाकी तितक्याच तासांत भरते. मुलं मला घाबरतात, माझ्या लाल पेनाला त्याहून जास्त. कुणाची चूक सापडली की मला बरं वाटतं — हो, वाटतं, आता खोटं कशाला बोलू? पेपर तपासताना एखाद्या हुशार पोराचं उत्तर शेवटच्या पायरीला घसरलं, की माझ्या हाताला वेग येतो. इतर शिक्षकांचं असं होत असेल का? मी कधी विचारलं नाही.

सासर आमचं माळ्याचं. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावहून वाशीमकडे निघालं की डाव्या हाताला आत एक वाट जाते, तिथे आमची भाजीची वाडी. मेथी, पालक, वांगी, सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, डोशाबरोबरचं सांबार वेगळं. मी या घरात आले तीच नोकरी घेऊन, त्यामुळे वाडीत मी कधी वाकले नाही. मला कुणी वाकायला सांगितलंही नाही. ‘मोठी सून मास्तरीण आहे’ हे सासूबाई बाजारात शेजारच्या ढिगावरच्या बाईलाही सांगत. घरातला कुठलाही कागद आला की माझ्यापुढे येई. विजेचं पत्र असो की पोराच्या शाळेचं, मी वाचून सांगितलं की तो निकाल. असं आठ-दहा वर्षं चाललं की माणसाला ते आपलंच वाटू लागतं.

धाकट्या दिराचं लग्न झालं आणि अर्चना आली. माहेर इंझोरीचं. बारावी सायन्स झालेली, गणितात चांगले गुण, आणि निकाल लागला त्याच उन्हाळ्यात लग्न. ती मला ताई म्हणायची — अजूनही म्हणते. पोरगी बोलायला कमी, हाताला जलद. पहाटे वाडीत जाऊन भाजी काढायची, जुड्या बांधायची, मग येऊन आमचा सगळ्यांचा स्वयंपाक. माझा डबा साडेनवाला तयार. मी दहाला बाहेर पडायचे.

आता त्या संख्येकडे येते. येतेय, थांबा.

जुड्या बांधून झाल्या की त्या ओल्या बारदान्यावर ओळीने मांडतात. सारख्या ओळी लावल्या की मोजायला सोपं, गाडीत भरायलाही सोपं. अर्चनाच्या लक्षात आलं की काही दिवशी जुड्यांचा आकडा असा येतो की कशाही ओळी लावा, शेवटची ओळ अर्धवटच राहते. दहाच्या लावा, बाराच्या लावा, सातच्या लावा, काही ना काही उरतंच. शाळेत आपण यालाच मूळ संख्या म्हणतो. तिलाही ते ठाऊक होतं, शिकलेली होती. पण ती त्यांना ‘आडमुठ्या’ म्हणायची. ‘ताई, आज मेथी आडमुठी निंगाली,’ असं हसत हसत सांगायची. मलाही गंमत वाटायची तेव्हा. एकदा एक्याण्णव जुड्या आडमुठ्या आहेत म्हणाली, तर मी चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं, ‘सात ओळी, तेरा-तेराच्या.’ तिने कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं! ते पाहणं मला आवडलं होतं. ते लक्षात ठेवा. माझ्या शब्दावर तिचा जो विश्वास होता तो असा चहा पिता पिता तयार झालेला होता.

मग एके दिवशी दोनशे एकोणचाळीस जुड्या झाल्या. आडमुठ्या. तिने काय केलं, तर शेवटचा नऊ झाकला. राहिले तेवीस. तेही आडमुठे. तीन झाकला, राहिला दोन. तोही. मेथीचा शेंडा खुडतात ना, तसा तिने आकड्याचा शेंडा खुडला आणि खाली तोच गुण निघाला. ‘किती खुडलं तरी हे ऐकतच नाही ताई,’ असं म्हणून ती कामाला लागली. मला वाटलं, विसरून जाईल.

विसरली नाही. तिने उलट्या बाजूने सुरुवात केली. दोन, तीन, पाच, सात — या चार मुळांपासून. प्रत्येकापुढे एकेक अंक लावून बघायचा. पुढे चालायचं तर एक, तीन, सात, नऊ हेच चार अंक लावता येतात. बाकीचे लावले की दोनाने नाहीतर पाचाने भाग जातोच. लावलेली संख्या मूळ असेल तर तो फुटवा जगला, नसेल तर मेला. जगलेल्याला पुन्हा चार फुटवे. दोनशे पानी वहीत तिने हा सगळा पसारा मांडला. कधी बसायची ती? दुपारी, वाडीतल्या विहिरीजवळ, तिची पोरगी झोपली की. तनू तेव्हा चार वर्षांची. पाचव्या अंकापर्यंत ती सहज गेली असेल, पण पुढे? सहा अंकी, सात अंकी संख्या मूळ आहे की नाही हे हाताने ठरवायचं म्हणजे काय, हे मी मुलांना शिकवते, मी स्वतः कधी केलेलं नाही. आठ अंकांच्या त्या एका संख्येसाठी वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. हजाराहून जास्त भागाकार. त्यासाठी त्या मूळ संख्यांची यादी आधी तयार करावी लागते, तीही तिनेच केली. शेवटचा भागाकार ८५९७ चा होता. बाकी ४९३३. हे मला अजून दिसतं — निळ्या शाईत, खाली दोन रेघा मारलेलं.

आणि तिथे सगळं थांबलं. आठ अंकांच्या पाच संख्या जगल्या होत्या, त्यातली सगळ्यांत मोठी ही. तिच्यापुढे एक लावला तर अंकांची बेरीज एकोणचाळीस, सात लावला तर पंचेचाळीस, म्हणजे तीनने भाग जातोच. तीन आणि नऊ लावून झालेल्या संख्यांचे विभाजक तिने शोधून काढले. उरलेल्या चारही तशाच संपल्या. पुढे फुटवाच नाही. म्हणजे अशी संख्या याहून मोठी असूच शकत नाही. सुरुवातीपासून मोजल्या तर अशा एकूण त्र्याऐंशी. हे सगळं मेथीच्या वाफ्याजवळ बसून, कुणी न शिकवता. सात, त्र्याहत्तर, सातशे एकोणचाळीस, सात हजार तीनशे त्र्याण्णव... शेवटपर्यंत प्रत्येक पायरीला ती संख्या मूळ.

तिला काय हवं होतं, सांगू? नाव नको होतं, बक्षीस नको होतं. वाशीमच्या कॉलेजात बी. एस्सी.ला नाव घालायचं होतं. सकाळच्या एस.टी.ने जायचं, दुपारी परत. दीर तयार होता, त्याचं काही अडत नव्हतं. सासूबाईंनी सांगितलं, ‘मले काय समजते त्यातलं? मोठी म्हणन जमते, तं जाय बाप्पा. मोठी म्हणन नाही जमत, तं मंग उगी कायले जीव मारते?’ ठरलं. कॉलेजात प्रवेशाची शेवटची तारीख तीन आठवड्यांवर होती. अर्चनाने वही आणून माझ्या हातात दिली. ‘ताई, तुमी तपासा. बरोबर असन तं आईले सांगा. चूक असन तं मले सांगा.’

इथपर्यंत मी बरी आहे. आता पुढचं.

मी स्वतःला बरीच वर्षं असं सांगत आले की मी वही नीट पाहिलीच नव्हती. शाळेत घटक चाचण्या होत्या, वेळ नव्हता, चाळली, कुठे तरी काही खटकलं आणि तोंडातून निघून गेलं. असं होतं ना माणसाचं? घाईत काही बोलतो आपण. हे मी इतक्यांदा मनाशी म्हटलंय की कधी कधी मलाच खरं वाटतं.

ते खरं नाही. मी दुसऱ्याच दिवशी शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत जाऊन बसले आणि ती संख्या टाकली. समोर लगेच आलं — मूळ संख्या. त्याखाली तिचा तो गुणही लिहिला होता. शेवटून एकेक अंक काढत गेलं तरी मूळच राहते, आणि या जातीची हीच सगळ्यांत मोठी. एकूण संख्या त्र्याऐंशी. जगातल्या मोठ्या मोठ्या लोकांना ते आधीपासून माहीत होतं. अर्चनाला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. बावीस वर्षं गणित शिकवतेय म्हणते ना मी? त्यातली दहा तेव्हाच झाली होती. मी त्या खोलीत पंख्याखाली बसून राहिले, तास घ्यायला दहा मिनिटं उशिरा गेले आणि मुलांवर विनाकारण ओरडले.

संध्याकाळी ओसरीत सासूबाई लसूण सोलत होत्या, दीर नळीचं छिद्र बुजवत होता. अर्चना दारात उभी. मी वही मिटलेलीच ठेवली आणि म्हणाले, ‘मेहनत केलीस. पण चूक आहे यात.’

‘कुठी?’ ती म्हणाली. नाराज नव्हती. खरंच सांगते, उत्सुक होती. चूक कुठे आहे हे कळलं तर तिला आनंदच होणार होता, अशी ती.

कुठे म्हणून सांगणार? नव्हतीच. तेव्हा मी काय केलं — मी माझा वर्गातला आवाज काढला. ‘गणितात तयार उत्तर मिळत नसतं. शोध तू. स्वतःची चूक स्वतःला सापडली पाहिजे, तरच पुढचं शिक्षण झेपतं.’ हे वाक्य मी मुलांना नेहमी म्हणते. चांगलं वाक्य आहे. सासूबाईंनी मान डोलावली. दिरालाही पटलं. सगळ्यांना पटलं.

तुम्ही म्हणाल, तिने स्वतः फोनवर का नाही पाहिलं? तेव्हा आमच्या घरात दिराकडे एक बटणांचा फोन होता आणि माझ्याकडे एक. पण फोन असता तरी तिने पाहिलं नसतं, असं मला वाटतं. मी सांगितल्यावर आणखी कुणाला विचारायचं तिच्या मनातच आलं नसतं.

ती शोधायला लागली. पहिल्या पानापासून. सगळे भागाकार पुन्हा. मी शाळेतून उरलेल्या उत्तरपत्रिकांचे कोरे कागद आणून दिले तिला — हो, मी आणून दिले, स्वतःच्या हाताने, आणि वर ‘जपून वापर’ असंही म्हणाले. ती रोज संध्याकाळी हिशेब द्यायची. ‘ताई, हजारापर्यंत झालं, सापडून नाही राह्यली.’ मी म्हणायचे, अजून बघ. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. भाजीत मीठ दोनदा पडलं, सासूबाई बोलल्या. जुड्या मोजताना ती पूर्वी गुणगुणायची, ते बंद झालं. मी हे सगळं पाहत होते. रोज दहाला बाहेर पडत होते आणि साडेपाचला परत येत होते.

आता जे सांगणार आहे ते खरं सांगायचं आहे. बाकीचं सगळं याच्यासाठी होतं.

दोन आठवडे होत आले असतील. मी चपला काढत होते आणि ती वाडीकडून धावत आली. पदर खोचलेला, हाताला माती, हातात वही. ‘सापडली ताई! सापडली!’ इतकी खूश मी तिला तनू झाली तेव्हाही पाहिलं नव्हतं. दोन हजार तीनने भागलं तिथे बाकी तीनशे एक्याण्णव यायला हवी होती, तिने कच्च्यावरून पक्क्यात उतरवताना तीनशे एकसष्ट लिहिली होती. नवाचा सहा. बस, एवढंच. त्याने काही बिघडत नव्हतं. बाकी शून्य नाही म्हणजे भाग जात नाही, मग ती तीनशे एक्याण्णव असो की तीनशे एकसष्ट. हे तिलाही कळत होतं, ती मूर्ख नव्हती. पण मी चूक आहे म्हटलं होतं, आणि ही एक चूक होती. ‘हेच न ताई? हे दुरुस्त केलं तं आता बरोबर हाय न सगळं?’

दार उघडं होतं. तुम्हाला कळतंय ना? मला कुणी खोटं ठरवणार नव्हतं, माझा मान जाणार नव्हता. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो, हीच. शाबास.’ एवढं बोलले असते तर पहिलं खोटंही खरं होऊन गेलं असतं, आणि ती दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसली असती. प्रवेशाला सहा दिवस होते. असं दार किती जणांना मिळतं?

मी वही हातात घेतली. ते पान पाहिलं. आणि म्हणाले, ‘ही नव्हे. ही साधी उतरवण्यातली आहे. मी म्हणते ती दुसरी आहे.’

पहिल्या वेळचं मी समजू शकते — समजू शकते म्हणजे माफ नाही करत, पण कळतं मला ते, एका क्षणात निसटलेलं. दुसऱ्या वेळी निसटलेलं नव्हतं. मी शांत होते. मला आवाजही चढवावा लागला नाही. तिने वही परत घेतली, ‘बरं ताई’ म्हणाली आणि हात धुवायला गेली.

त्यानंतर तिने तीनच दिवस शोधलं. मग जेवताना स्वतःहूनच सासूबाईंना सांगितलं, ‘राहू द्या आई. जिले आपलीच चूक सापडत नाही, थे कायची बी. एस्सी. करते?’ सासूबाई म्हणाल्या, ‘जाऊ दे बाई, वाडी हाये न आपली.’ दिराने माझ्याकडे पाहिलं, मी भाकरी मोडत होते. प्रवेशाची तारीख पुढच्या आठवड्यात गेली. मी कॅलेंडरवर पाहिली होती ती तारीख, दोन वेळा.

वहीचं काय झालं विचाराल. काही नाटक झालं नाही. तिने फाडली नाही, जाळली नाही. कोरी पानं तनूला रेघोट्या मारायला दिली आणि लिहिलेली एकेक करून बियाण्याच्या पुड्या बांधायला गेली. भेंडीचं बी, दोडक्याचं बी. एकदा सासूबाईंनी शेजारणीला मेथीचं बी दिलं त्या पुडीवर ते दोन रेघांचं पान मला दिसलं. मी मागून घेऊ शकले असते. नुसतं पाहत राहिले.

का केलं मी असं? हे मला तुम्हाला नीट सांगता आलं पाहिजे, नाहीतर या सगळ्याला अर्थ नाही. मी स्वतःशी बरीच वर्षं ‘मत्सर’ हा शब्द वापरला. घरात गणितवाली मी एकटी होते, आणि एक बारावी झालेली पोरगी मला न कळणारं काहीतरी करून बसली. मला जळफळाट झाला. हे खरंच आहे. आणि खरं सांगू का, मत्सर म्हणायला बरं वाटतं. त्यात निदान मी काहीतरी आहे असं राहतं — दोन बुद्धिमान बायका, एकीचं दुसरीला सहन झालं नाही. गोष्टीत शोभेल असं.

पण त्या कॉम्प्युटर खोलीत पंख्याखाली बसले असताना माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, ते मला पक्कं आठवतं. हे मी आतापर्यंत मनातही धड म्हटलेलं नाही. पहिला विचार असा आला की ही सकाळच्या गाडीने वाशीमला गेली, तर माझा डबा कोण करणार?

एवढंच. सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे येईल, पाचला उठावं लागेल, शाळेत झोप येईल. तीन वर्षं. मला तीन वर्षं पाचला उठायचं नव्हतं. मत्सर त्यानंतर आला, वाटेत, तास घ्यायला जाताना. त्याच्याआधी पोळ्या आणि भाजी. आणि मी दुसऱ्या दिवशी तोच डबा उघडून स्टाफरूममध्ये जेवले. वांग्याची भाजी होती. चांगली झाली होती, सहकारी मैत्रिणीने मागून घेतली.

बारा वर्षांत अर्चना बदलली का? लोक म्हणतील नाही. हसते, बोलते, वाडी पूर्वीपेक्षा चांगली चालवते, दोन पॉलीहाऊस घातलीत तिने. पण जुड्या आता मोजत नाही. दुसऱ्या कुणाला मोजायला सांगते. बाजारात साधी बेरीज करायची असली तरी फोन काढते, आणि तरीही मला विचारते, ‘ताई, बरोबर आलं न?’ त्र्याऐंशी संख्या शोधून काढणारी बाई बेरीज विचारते. मी म्हणते, बरोबर आलं. हल्ली तिच्याकडे चांगला फोन आहे. त्यात ती संख्या टाकून बघायला किती वेळ लागतो? मी वाट पाहिली. खरंच, सुरुवातीला मी रोज वाट पाहिली की आज टाकेल, आज येऊन विचारेल. तिने कधी टाकली नाही. तिच्या लेखी तो विषय तपासून झालेला होता.

गेल्या महिन्यात तनूचा दहावीचा निकाल लागला. गणितात शंभरपैकी सत्याण्णव. अकरावीचा फॉर्म भरायचा होता. पोरगी म्हणाली, आर्ट्स घेते. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, गणित पाठ करून गुण मिळतात, येतं असं नाही. हे तिचं वाक्य नव्हतं, आईचं होतं, आणि आईकडे ते कुठून आलं ते मला कळलं. अर्चना माझ्यापुढे फॉर्म ठेवून म्हणाली, ‘ताई, तुमीच सांगा हिले, सायन्स जमन का नाही. तुमी म्हणसान तसं.’ मी लगेच म्हणाले, जमेल, डोळे मिटून जमेल, सायन्सच घे. जोरात म्हणाले. मला वाटलं मी काहीतरी फेडतेय. किती सोपं होतं ते, किती उशिरा.

अर्चनाचा चेहरा उजळला. ती लेकीला म्हणाली, ‘पाह्य, ताई म्हनते म्हणजे जमतेच. त्या तोंडदेखलं नाही बोलत कधी. माह्या वहीत चूक होती, तं मले सगळ्यासमोर सांगतलं त्यायनं. म्हणून वाचले मी, नाही तं वाशीमले जाऊन हसू करून घेतलं असतं.’ मनापासून म्हणाली. बारा वर्षं ती माझे उपकार मानत होती, आणि मला ते त्या दिवशी कळलं.

तनूने फॉर्मवरून डोळे वर केले. तिचे डोळे आईसारखे आहेत, कुठे म्हणून विचारणारे. ‘मोठी आई,’ ती म्हणाली, ‘आईच्या वहीत खरंच चूक होती?’

अर्चना शेजारीच उभी होती. खोलीत आम्ही तिघीच. घाई नव्हती, शाळेला सुट्टी होती.

‘होती,’ मी म्हणाले.